पेटलेल्या बुक्कीचा निकाल

जळगाव,
११ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना मयुरीचा नमस्कार,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी "चहात साखर पुरे" म्हटलेलं तुम्ही "साखरपुडा" ऐकलंत आणि दोंडाईचापर्यंतच्या पाहुण्यांना कळवून मोकळे झालात. आईला अजून अभिनंदनाचे फोन येतात. म्हणून हे पत्र.

तुम्ही इतकी वर्षं कबड्डीचे पंच होतात, त्यामुळे एक निवाडा तुमच्याकडूनच हवा आहे. काल रविवारी आमच्या खेळात मोठा तंटा झाला. प्रेमराजने मंत्र म्हणून मूठ पेटवली आणि शंखासुराच्या छातीत बुक्की घातली. आता हा हल्ला मंत्राचा धरायचा की रिकाम्या हाताचा? मंत्राचा धरला तर प्रेमराज मरतो, हाताचा धरला तर शंखासुर मरतो. ऋतिका म्हणते मंत्राचा, प्रेमराज म्हणतो हाताचा. ललित नेहमीप्रमाणे शेंगदाणे खात बसला होता. शेवटी सूत्रधाराने प्रेमराज मेला असं जाहीर केलं. प्रेमराज चिडला आणि गाडीवर बसून रावेरला निघून गेला.

तुमचा निर्णय लवकर कळवा. चौघांचा तीन वर्षांचा खेळ मोडायला आलाय.

ताईबाई आजीला नमस्कार.

तुमची,
मयुरी

•

शिंदखेडा,
१६ नोव्हेंबर

चि. मयुरीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा ताईबाईने वाचलं आणि ती बॅग भरायला लागली. तिला कसंबसं थांबवलंय.

पोरी, तू दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतेस ना? मग ही मंत्र मारणारी मंडळी तुला भेटली कुठे? मेलेला माणूस गाडीवर बसून रावेरला कसा गेला? आणि मूठ पेटवली म्हणजे काय? हाताला काही लावलं का? शंखासुर हे कुणाचं टोपणनाव असेल तर तो गुंडच असणार. अशा माणसाच्या छातीत बुक्की घालायची आणि मग निवाडा करत बसायचं?

मी पस्तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. खेळात गुडघे फुटलेले पाहिले, दात पडलेले पाहिले, पण कुणी पेटलेलं पाहिलं नाही. पोलिसात कळवलं का? तुझ्या आईला, म्हणजे माझ्या पुतणीला, यातलं काही माहीत आहे का? मी अजून सांगितलं नाही. साखरपुड्यानंतर ती माझं काही खरं मानत नाही.

ताबडतोब उत्तर दे. बठ्ठं, अगदी सगळं, खरं खरं लिही.

सुकदेव आबा

•

जळगाव,
२० नोव्हेंबर

ती. आबा,

आजीची बॅग आधी रिकामी करा. कुणी पेटलेलं नाही. चूक माझी, घाईत लिहिलं.

आमचा खेळ कागदावरचा आहे. चौघं टेबलाभोवती बसतो. एक जण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो: समोर गुहा आहे, आत शंखासुर नावाचा राक्षस बसलाय. बाकीच्या तिघांचं एकेक पात्र असतं. आपलं पात्र आता काय करणार ते प्रत्येकाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा. बाजारात मिळाला नाही म्हणून मी लॅबमध्ये कवळीच्या मसाल्यातून पाडला. एक सोबत पाठवते. रंग हिरड्यांचा आहे, घाबरू नका.

प्रेमराज रावेरचा, केळीच्या पॅकिंगचं काम बघतो. खेळात तो वज्रबाहू नावाचा पहिलवान आहे. वज्रबाहू शस्त्र वापरत नाही. ताकद सात, बुद्धी एक. आमच्या नियमांच्या वहीत दोन कलमं आहेत. रिकाम्या हाताने मारलं तर फाशात ताकद मिळवायची. मंत्राने मारलं तर बुद्धी मिळवायची. वज्रबाहूला एकच मंत्र येतो, अंगारस्पर्श. मंत्र म्हटला की तळहातात आग येते, आणि ज्याला हात लागेल तो भाजतो.

आता शंखासुराची गंमत. त्याच्या अंगावर आरसा-कवच आहे. त्याच्यावर टाकलेला मंत्र टाकणाऱ्यावरच उलटतो. हाताचा मार मात्र कवचाला अडवता येत नाही.

प्रेमराजने आग हातात घेतली, मूठ वळली आणि हाणली. फासा चांगला पडला. बुक्कीचा मार बारा, आगीचा सतरा, मिळून एकोणतीस. शंखासुराचे जीवगुण उरले होते पंचवीस आणि वज्रबाहूचे वीस. म्हणजे हे एकोणतीस ज्याच्या अंगावर पडतील तो संपला. प्रेमराज म्हणतो, मारलं हाताने, सगळे शंखासुराला. सूत्रधार म्हणतो, आग होती म्हणजे मंत्र, सगळे उलटले, वज्रबाहू मेला.

मला वाटतं सूत्रधाराचं बरोबर आहे. तुम्हालाही तसंच वाटेल. तेवढं दोन ओळींत लिहून पाठवा, म्हणजे प्रेमराजला दाखवता येईल. पंचाचा शब्द तो मानेल.

मयुरी

•

शिंदखेडा,
२७ नोव्हेंबर

चि. मयुरीस,

जीवात जीव आला. फासाही मिळाला. ताईबाईने तो आधी कुणाची तरी अक्कलदाढ समजून कागदात गुंडाळून ठेवला होता. आता आमचा खेळ सुरू झालाय. ती चेटकीण झालीय आणि मी दरोडेखोर. काल तिने मला दुपारच्या चहाआधी दोनदा मारलं.

तुझ्या प्रश्नावर तीन दिवस विचार केला. मग लक्षात आलं, हा प्रश्न मी आयुष्यभर सोडवत आलोय. कबड्डीची चढाई म्हणजे काय? तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू ठेवायचं आणि हाताने गडी शिवायचा. नुसता शिवलास आणि दम सुटला, तर तूच बाद. नुसता दम धरलास आणि शिवलं नाहीस, तर गुण नाही. दोन्ही एकाच माणसाचं, एकाच क्षणाचं, तरी पंच ते वेगवेगळं बघतो. डोळ्याने हात बघायचा, कानाने दम ऐकायचा. ज्या पंचाला हे वेगळं करता येत नाही त्याने शिट्टी खिशात ठेवावी.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या सूत्रधाराने बुक्की आणि आग यांची बेरीज केली तिथेच घोळ झाला. एकोणतीस कुणाचेच नाहीत. बारा वेगळे, सतरा वेगळे.

आता मला एवढंच सांग. फासा टाकायच्या आधी प्रेमराज तोंडाने काय बोलला? "बुक्की मारतो" म्हणाला असेल तर ती बुक्की. बारा शंखासुराला, आग हातातच राहिली. "मंत्राने शिवतो" म्हणाला असेल तर तो मंत्र. सतरा त्याच्यावरच उलटले, ताकदीचे बारा धरायचेच नाहीत. कुठल्याही बाजूने बघितलं तरी कुणी मरत नाही.

आणि आणखी एक. तू चौघांतल्या तिघांची नावं लिहिलीस. प्रेमराज, ऋतिका, ललित. सूत्रधाराचं नाव दोन्ही पत्रांत नाही. मी जुना पंच आहे गं. जो खेळाडू तक्रार सांगताना एकच नाव गाळतो, ते नाव कुणाचं असतं ते मला माहीत आहे.

आबा

•

जळगाव,
३ डिसेंबर

ती. आबा,

सूत्रधार मीच.

दोन दिवस हे पत्र लिहायला बसत होते आणि उठत होते. आता सगळं लिहिते. प्रेमराज "बुक्की मारतो" असं म्हणाला होता. स्पष्ट म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुढच्या गोष्टीचे सात नकाशे काढले होते. शंखासुर पळून पाताळात जातो, हे तिघं त्याच्या मागे जातात, तिथे नद्या, पूल, एक आंधळी राणी. सगळं रंगवून तयार. आणि प्रेमराजने एका बुक्कीत शंखासुर संपवायला घेतला. माझ्या डोळ्यांसमोर सातही नकाशे रद्दीत जाताना दिसले. मी झटकन म्हणाले, "हा मंत्रहल्ला आहे, सगळं उलटलं, तू मेलास." तो म्हणाला, "मी बुक्की म्हणालो होतो." मी म्हणाले, "मी नाही ऐकलं." आणि वर म्हणाले, "तुला नुसतं हाणायचंच कळतं, गोष्ट कळत नाही."

तो म्हणाला, "मग तुझी गोष्ट तूच खेळ." आणि गेला. दर रविवारी केळीच्या गाड्या भरून होताच अंघोळ करून तो रावेरहून येतो. तीन वर्षांत दोनदाच चुकलाय. त्यानंतर तीन रविवार आला नाही. फोन उचलत नाही.

तुमचा निर्णय मी ऋतिकाला वाचून दाखवला. ती गणिताचे क्लास घेते, तिला कुठल्याही उत्तरात चूक सापडते. ती म्हणाली, "आबांचं अर्धंच बरोबर आहे. कबड्डीत हात लागला की लागला. मनात काय होतं ते पंच विचारत नाही. आग हातात होती, हात छातीला लागला, मग आग हातातच कशी राहील? आपल्या वहीत लिहिलंय, ज्याला हात लागेल तो भाजतो. हळू लागला की जोरात, असं लिहिलेलं नाही."

तुम्ही माझ्यावर रागावलात का?

मयुरी

•

शिंदखेडा,
९ डिसेंबर

चि. मयुरीस,

ऋतिकाला माझा सलाम सांग. तिचं म्हणणं मान्य. अंतिम निकाल लिहून देतो, वहीत चिकटव.

मारताना बुक्की जाहीर केली, म्हणून फाशात ताकद धरायची आणि मार लागला की नाही ते त्यावरच ठरवायचं. हल्ला रिकाम्या हाताचा. पण हातात मंत्र तयार होता आणि हात अंगाला लागला, म्हणून मंत्रही सुटला. कवचाने अडवायचा तो फक्त मंत्र. बारा शंखासुराला लागले, त्याचे तेरा उरले. सतरा उलटून वज्रबाहूला लागले, त्याचे तीन उरले. दोघेही जिवंत. खेळ पुढे चालू.

रागावलो का विचारतेस. रागवायला तोंड नाही मला. का ते आजपर्यंत फक्त ताईबाईला माहीत आहे, आता तुला सांगतो.

१९८९ साली नरडाण्याला, रेल्वे लाइनला लागून असलेल्या मैदानावर, कबड्डीची अंतिम लढत होती. मी पंच. एका बाजूने मोतीलाल खेळत होता. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. एका ताटात जेवलेलो आम्ही. गुण बरोबरीत, शेवटची चढाई त्याची. त्याने कोपऱ्यातला गडी शिवला आणि मध्यरेषेकडे वळला. तेवढ्यात मालगाडी आली. चांगली लांब गाडी, वर शिट्टी. मला त्याचा दम ऐकूच येईना. सगळे माझ्याकडे बघत होते. दोस्ताला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, ही भीती मनात होती. मी शिट्टी मारली आणि सांगितलं, दम तुटला, बाद.

त्याचा संघ हरला. तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, "सुक्या, तुला ऐकू आलं का?" मी म्हणालो, "आलं. तुटलेलाच ऐकला." ते खोटं होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. बसने अर्ध्या तासावर, नरडाण्यातच राहतो. लग्नात दिसलो तर तो मांडवाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. पुढच्या हंगामात मी शिट्टी शाळेत जमा केली. लोकांना सांगितलं, गुडघे दुखतात.

तू जे ऐकलं ते नाही ऐकलं म्हणालीस. मी जे नाही ऐकलं ते ऐकलं म्हणालो. तुझ्या गोष्टीला चारच रविवार झालेत. रावेर लांब नाही. पत्र पाठवू नकोस, फोन करू नकोस. समोर जाऊन सांग.

आबा

•

जळगाव,
२४ डिसेंबर

ती. आबा,

गेले होते.

सकाळच्या गाडीने रावेरला उतरले आणि विचारत विचारत त्याच्या पॅकिंगच्या शेडवर पोहोचले. प्रेमराज हातात वही घेऊन खोकी मोजत होता. आजूबाजूला केळीचे घड, पाण्याच्या टाक्या, ट्रॅक्टरची फटफट. मला बघून तो परत खोक्यांकडे वळला. ट्रॅक्टरच्या आवाजात हळू बोलून उपयोग नव्हता. मी ओरडले, "वज्रबाहू जिवंत आहे!"

नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर बंद झाला. सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. केळ्यांच्या फण्या धुणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "कोन वाचलं माय? दवाखान्यात व्हतं का?" प्रेमराजचे कान लाल झाले. तो मला बाजूला घेऊन गेला.

मी तुमचा निकाल दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "तीनच?"

मी म्हटलं, "तीनच."

"पाच कर."

"निकालात तीन आहेत."

मग मी ते सांगितलं. म्हटलं, "तू बुक्की म्हणालास ते मी ऐकलं होतं. नकाशे वाया जाऊ नयेत म्हणून खोटं बोलले. आणि तुला गोष्ट कळत नाही म्हणाले, तेही चूक होतं."

त्याने खोक्यावरची चिकटपट्टी नखाने काढली. मग म्हणाला, "तू ऐकलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. मेल्याचं काही नव्हतं गं. पात्र काय, दुसरं करता येतं. तू माझ्या तोंडावर नाही म्हणालीस, त्याचं वाईट वाटलं."

आबा, मला तिथे रडू आलं. त्या मावशींनी माझ्या हातात एक केळं दिलं आणि म्हणाल्या, "खाय, बरं वाटीन."

परवा रविवारी तो आला. सोबत अख्खा घड. ऋतिकाने त्याला शेजारी जागा केली. ललितने शेंगदाण्यांची पुडी न मागता पुढे केली, इतकं तो कधी कुणासाठी करत नाही. आणि तीन जीवगुणांवर वज्रबाहूने काय केलं असेल? पळाला! शंखासुराला तेरावर सोडून सरळ पाताळाच्या विवरात उडी मारली. आता राक्षसच यांच्या मागे लागलाय. नकाशे सातही लागणार. प्रेमराजला विचारलं तर म्हणाला, "गोष्ट मला पण कळते."

आता माझा प्रश्न. मी रावेरला जाऊन आले. नरडाणा तर अर्ध्या तासावर आहे, तुम्हीच लिहिलंय.

तुमची,
मयुरी

•

नरडाणा,
१३ जानेवारी २०२५

मयुरीताईस,

मी मोतीलाल. नरडाण्याचा. तुझ्या आबाचा एके काळचा दोस्त आणि काल सकाळपासून परत दोस्त. तुझा पत्ता त्याच्याच पिशवीतल्या पाकिटावरून लिहून घेतला. त्याला हे माहीत नाही आणि इतक्यात सांगू नको.

काल सकाळी मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. आरशात बघतो तर मागून सुकदेव येतोय. आधी मला वाटलं भास झाला. तो समोर येऊन उभा राहिला, टोपी काढली आणि एका दमात म्हणाला, "मोती, त्या दिवशी मला तुझा दम ऐकूच आला नव्हता. मालगाडी जात होती. मी खोटं बोललो. पस्तीस वर्षं झाली. माफ कर."

मी काही बोलायला तोंड उघडलं तर साबण तोंडात गेला. मी थुंकत बसलो आणि त्याला वाटलं मी त्याच्यावर थुंकतोय. तो जायला निघाला. रुक्माबाईने, म्हणजे माझ्या बायकोने, आतून पाहिलं आणि धावत येऊन त्याला थांबवलं. मग तो जेवला. कळण्याच्या दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला, तिसरी भाकरी नको नको म्हणत घेतली. दिवसभर बसला. जाताना माझा हात सोडेना. म्हणाला, "मोती, आता मना जीव हलका शे."

आता मी तुला जे लिहितो ते आजवर रुक्माबाईलाही सांगितलेलं नाही.

ताई, दम तुटला होता.

गडी शिवून मी वळलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. मी आवंढा गिळला. एकदाच. त्याच वेळी मालगाडी आली. मनात म्हटलं, आता कुणाला कळणार, आणि परत "कबड्डी कबड्डी" सुरू केलं. सुक्याने शिट्टी मारली तेव्हा मला वाटलं, बापरे, याचे कान आहेत की काय! तेवढ्यात आमचे लोक ओरडायला लागले, मोतीलालवर अन्याय झाला, पंच फितूर आहे. दहा जणांनी मला खांद्यावर घेतलं. अन्याय झालेल्या माणसाला गावात फार मान मिळतो गं. चहा फुकट मिळतो. दोन-चार वर्षांनी मलाच खरं वाटायला लागलं की दम होता. पण रिकाम्या दुपारी कधीकधी तो आवंढा आठवायचा.

काल तो माझ्यापुढे टोपी काढून उभा होता, तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाही सांगता आलं. तो इतका खूश होता. आता सांगितलं तर उठून जाईल आणि परत पस्तीस वर्षं येणार नाही. तेवढी वर्षं आता आमच्याकडे नाहीत. नाही सांगितलं तर त्याची माफी मी फुकटात घेतली असं होईल.

तो सांगत होता की तू खेळाची सूत्रधार आहेस आणि निवाडे लेखी देतेस. मग मला दे. सांगू की नको?

मोतीलाल

•

जळगाव,
१८ जानेवारी

ती. मोतीलाल भाऊंना नमस्कार,

तुमचं पत्र लॅबमध्ये वाचलं. हातातला साचा वाकडा झाला. एका गृहस्थांना नवीन कवळीसाठी एक दिवस थांबावं लागणार आहे, तुमच्यामुळे.

निवाडा असा. आबांचा निर्णय बरोबर होता, पण तो द्यायचं कारण खोटं होतं. तुमची तक्रार चुकीची होती, पण "ऐकू आलं का?" हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर होता. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांची बेरीज करू नका. आबांनी त्यांच्या खोट्याची माफी मागितली, ती त्यांची झाली. तुमची अजून बाकी आहे.

सांगा. लवकर सांगा आणि दाढी करताना सांगू नका.

आबा रागावतील. उठूनही जातील. जाऊ द्या, पण तुम्ही घरात बसून राहू नका.

मी यातलं एक अक्षर त्यांना कळवणार नाही. ते तुमच्याच तोंडून यायला हवं.

मयुरी

•

नरडाणा,
२७ जानेवारी

चि. मयुरीस,

वरचा गावाचा पत्ता नीट बघ. मी नरडाण्यात आहे.

काल झेंडावंदन करून मोतीला भेटायला आलो. त्याने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की दम तुटला होता. आवंढा कसा गिळला ते करूनही दाखवलं.

मी टोपी घातली आणि सरळ एसटी स्टँडवर येऊन बसलो. पस्तीस वर्षं, मयुरी! मी शिट्टी सोडली. कुणी चांगला पंच म्हटलं की मान खाली घालत होतो. आणि हा माणूस त्या आवंढ्यावर फुकटचे चहा पीत होता!

थोड्या वेळाने तो आला. लगबगीत एका पायात त्याची चप्पल, दुसऱ्या पायात रुक्माबाईची. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मी तोंड फिरवलं. शिंदखेड्याची गाडी लागली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चला." मी उठणार, तेवढ्यात मोती म्हणाला, "सुक्या, तू न ऐकता बरोबर निर्णय दिलास. असा पंच जिल्ह्यात झाला नाही."

मी म्हटलं, "गप बैस."

तो म्हणाला, "मालगाडीच्या आवाजात आवंढा ऐकला म्हणजे काय कान शेत तुझे!"

मला हसू यायला नको होतं. आलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, येताय का?" मी म्हटलं, "आमचं भांडण चालू आहे, तुम्ही व्हा पुढे." मग खरंच भांडलो. १९८९ पासूनचं सगळं काढलं. कुणाच्या लग्नात कोण कुणाकडे बघून वळलं, कुणाच्या आजारपणात कोण आलं नाही. तो रडला, मीही थोडा रडलो. स्टँडवरची माणसं बदलत होती, आम्ही तिथेच. शेवटची गाडी सुटली तेव्हा रुक्माबाई आम्हाला जेवायला न्यायला आली, तिच्या चपलेची चौकशी करत.

मी आणखी आठ दिवस इथे आहे, भांडण बरंच बाकी आहे. ताईबाईला फोन करून तेवढं सांग. मी केला होता, पण तिने काय ऐकलं देव जाणे, "बरं झालं" म्हणाली आणि ठेवला.

तुझा,
आबा

ता.क. आम्ही तीन गाड्या सोडल्या. मोती शेजारी बसून हे वाचतोय आणि म्हणतोय, चार होत्या. तीनच होत्या.